एफ-वनवाल्या ताई

ताईंच्या कामात कुणी चूक दाखवली, की त्या टाळी वाजवायच्या. अगदी दोन्ही हातांची, खणखणीत. मग टेबलाच्या खालच्या खणातून डबा निघायचा आणि चूक काढणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या पडायच्या. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी भीतभीत म्हटलं, "ताई, या पानावर 'पुराना मरीज़' लिहिलंय, पण स्क्रीनवर बटणाचं नाव 'पूर्व पंजीकृत' आहे." टाळीचा आवाज ऐकून मला वाटलं, संपलं, बाई चिडल्या. पण त्या खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "सापडली न बाप्पा! काल तीनदा वाचलं मी हे पान, मला काऊन नाही दिसली? घे, रेवडी खा." स्वतःच्या चुकीवर इतकं खूश होणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही.

आमचं ऑफिस लखनौला, निशातगंजच्या बाजारात होतं. खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत नोंदणीची खिडकी असते, तिथे पेशंटचा पर्चा काढायला लागतं ते सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. आपण ज्याला केसपेपर म्हणतो, त्याला तिकडे पर्चा म्हणतात. सॉफ्टवेअरबरोबर मदतीची एक फाईल जायची. काम करताना अडलं की कीबोर्डवरचं एफ-वन दाबायचं, की ती उघडते. डाव्या बाजूला अनुक्रमणिका, उजव्या बाजूला पान. ही फाईल लिहायचं काम ताईंचं. त्यामुळे त्यांचं वानखेडे हे आडनाव हजेरीपटावरच उरलं होतं. खालच्या चष्मेवाल्यापासून आमच्या मालकांपर्यंत, म्हणजे सक्सेनाजींपर्यंत, सगळे त्यांना 'एफ-वन दीदी' म्हणायचे.

माझा नवरा रेल्वेत इंजिनियर. त्याची बदली लखनौला झाली म्हणून मी सांगलीहून तिकडे गेले आणि घरी बसवेना म्हणून या ऑफिसात मुलाखतीला गेले. ताईंनी माझ्या अर्जावरचं आडनाव वाचलं आणि मुलाखत मराठीत सुरू केली. सक्सेनाजी बिचारे शेजारी बसून दोघींची तोंडं बघत राहिले. "मी इथलीच बरं का," त्या म्हणाल्या. "बाबा नागपूरकडचे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मी जन्मले लखनौत, पण घरात त्यांनी दुसरी भाषा बोलू दिली नाही." ताईंचं वाक्य नागपूरला सुरू व्हायचं आणि लखनौत संपायचं. "अगं, निघूनच राहिली होती मी, तर तो सब्जीवाला भैया म्हणे, दीदी, आज भिंडी एकदम ताज़ी है, अब बताओ, कैसे छोडती!" त्यांच्या विकास नगरच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर खायला गेले, तेव्हा त्यांची मुलगी आईचं सगळं मराठी समजून घेत होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हिंदीत देत होती. ताईंना त्याचं काही नव्हतं. "समजतं न तिला? बस झालं. उत्तर काय, कोणत्याही भाषेत द्यावं."

मदतीच्या फाईलला त्या 'पोटली' म्हणायच्या. तीनशेच्या वर पानं, प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी वेबपेजसारखी फाईल, शिवाय चित्रं, अनुक्रमणिका, शब्दसूची. हे सगळं दाबून, बांधून त्याची एकच छोटी फाईल होते आणि ती इंटरनेट नसलं तरी उघडते. तालुक्याच्या रुग्णालयांत इंटरनेट कधी असायचं, कधी नसायचं. म्हणून तर आजच्या दिवसांतही आमच्याकडे ही जुनी पद्धत टिकून होती. "सुटी पानं पाठवशील तर एक इथे हरवेल, एक तिथे. गाठ मार आणि मग पाठव," हा त्यांचा पहिला धडा. फाईल बांधायची आज्ञा दिली की स्क्रीनवर भराभर ओळी सरकू लागतात. मी तेवढ्यात चहाला उठायची. ताई मात्र शेवटपर्यंत समोर बसायच्या, हात मांडीवर ठेवून.

या पोटलीची एक खोड होती. पानांवरची हिंदी छान दिसायची, पण डावीकडच्या अनुक्रमणिकेत हिंदी शीर्षक घातलं की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह यायचं. नुसती प्रश्नचिन्हांची रांग. तंत्र जुनं, त्याला आपली अक्षरं त्या जागी झेपतच नव्हती. मी चार दिवस डोकं आपटलं. ताईंनी एक दिवस पाहिलं, हसल्या आणि सगळी शीर्षकं पुसून तिथे आकडे घातले. एक, दोन, तीन, पार शेवटपर्यंत. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हिंदीत यादी: कुठल्या आकड्याला काय. मला ते अगदी हार मानल्यासारखं वाटलं. पण दोन महिन्यांत चमत्कार झाला. खिडकीवरची माणसं आकड्यांत बोलायला लागली. फोन यायचा, "दीदी, सत्रह पे अटके हैं." ताई म्हणायच्या, "सत्रह छोडिए, पहले बारह कीजिए." तिकडून "अरे हाँ!" आणि फोन बंद. शेजारून ऐकणाऱ्याला वाटावं, बाई हाऊजी खेळताहेत.

'बस' हा शब्द लिहायला त्यांनी मला बंदी घातली होती. "बस, यह बटन दबाएँ" असं मी एकदा लिहिलं. त्यांनी ते कागदावर छापून घेतलं, 'बस'भोवती गोल काढला आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे बघ, ज्याला बटण सापडलं तो हे पान उघडणारच नाही. उघडेल तो ज्याला सापडत नाही. त्याला तू म्हणून राहिली की हे तर सोपं आहे. म्हणजे मूर्ख कोण ठरला?" मी 'बस' खोडलं. "तो आधीच घाबरलेला आहे, पोरी. खिडकीबाहेर रांग आहे. त्याला आणखी लहान नको करू."

ही रांग त्यांना तोंडपाठ होती, कारण त्या स्वतः जाऊन बसायच्या. दर महिन्याला एक दिवस कुठल्यातरी रुग्णालयात, नोंदणीच्या खिडकीच्या आत, कारकुनाच्या मागे, एका स्टुलावर. काही बोलायचं नाही, शिकवायचं नाही. नुसतं बघायचं, त्याचं बोट कुठे थांबतं. दुपारी स्वतःच्या डब्यातली पोळी त्याला द्यायची आणि त्याच्या डब्यातली अरबी, म्हणजे अळकुड्यांची भाजी घ्यायची. परत आल्या की वहीत एवढंच: 'खुर्ची उंच. माऊस डाव्या हाताला. चष्मा जवळचा.' मी विचारलं, "ताई, याचा मदतीच्या पानाशी काय संबंध?" "जवळचा चष्मा आहे म्हणजे अक्षर मोठं कर न!"

माझी पहिली मोठी फजिती मी अजून विसरलेले नाही. एका जिल्ह्यात सक्सेनाजी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना सॉफ्टवेअर दाखवायला गेले होते. मदतीची नवी फाईल मी लिंकवरून पाठवली, त्यांनी तिथल्या संगणकावर उतरवून घेतली आणि सगळ्यांच्या समोर उघडली. डावीकडे आकडे दिसत होते, उजवीकडे पान कोरं. कुठलाही आकडा दाबा, कोरं. सक्सेनाजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दीदी, सब ख़ाली है. सब लोग देख रहे हैं." मला वाटलं, मी पानंच बांधायची विसरले. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि लग्नाची बातमी द्यावी तशा सुरात म्हणाल्या, "बधाई हो, सर! फ़ाइल बिल्कुल ठीक है. वो बाहर से आई है न, इसलिए कंप्यूटर उस पर भरोसा नहीं कर रहा." मग त्यांनी सांगितलं: फाईल बंद करा, तिच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, अगदी खाली 'अनब्लॉक' लिहिलंय तिथे खूण, आता उघडा. पलीकडे चार-पाच जणांचा एकदम आवाज, "आ गया, आ गया!"

मी रडवेली होऊन माफी मागितली. ताई मला रागवल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पान कोरं दिसलं तर काय करायचं, हे मी लिहिलेलं आहे. पण कुठे लिहिलं? त्याच फाईलच्या आत! किल्ली कुलपात ठेवून दार ओढून घेतलं मी." आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तळहाताएवढा एक जाड कागद छापून घेतला, त्यावर त्या पाच पायऱ्या. तो प्रत्येक खिडकीवर, मॉनिटरच्या कडेला चिकटवला गेला.

त्यांना हसताना न पाहिलेला एकच आठवडा मला आठवतो. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. मे महिना, विजेचा लपंडाव चालू होता, आणि एका सकाळी ताईंचा संगणक सुरूच झाला नाही. डिस्क गेली. तशी भीती नव्हती, कारण दर शुक्रवारी सगळ्या पानांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं काम माझं होतं, आणि मी ते न चुकता करत होते. ती डिस्क जोडली. आत दीड वर्षापूर्वीची पानं होती. ताईंनी मध्यंतरी कामाचा फोल्डर बदलला होता, आणि मी दर शुक्रवारी मोठ्या इमानदारीनं जुनाच फोल्डर पुन्हा पुन्हा ठेवत आले होते.

ताई खुर्चीत बसल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. दीड वर्षात त्यांनी जवळजवळ प्रत्येक पान नव्यानं लिहिलं होतं. सक्सेनाजी मनानं वाईट माणूस नव्हे; त्यांनी समजूत काढायच्या सुरात म्हटलं, "छोडिए दीदी. अब हेल्प पढ़ता कौन है? दो-चार वीडियो बना देंगे." त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, पण ताईंचा चेहरा मी पाहिला. 

आठवडा असाच गेला आणि एका संध्याकाळी घरी जाताना टेम्पोत, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षात, माझ्या डोक्यात एकदम आलं: सुटी पानं गेली असतील, पण बांधलेली पोटली? नवी आवृत्ती आम्ही पंधराच दिवसांपूर्वी एका रुग्णालयात, शुक्लाजी नावाच्या कारकुनाच्या खिडकीवर, चाचणीसाठी बसवली होती. ऑफिसातली प्रत ताईंच्याच डिस्कबरोबर गेली होती, पण तिथल्या संगणकावर ती असणारच. आणि जी गाठ मारता येते ती सोडवता येते. एका ओळीच्या आज्ञेनं त्या फाईलमधलं पान न् पान पुन्हा सुटं होतं. मी टेम्पोतूनच ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शुक्लाजींची खिडकी. उद्या सकाळची गाडी आहे."

आम्ही आधी शुक्लाजींना फाईल मेलनं पाठवायला सांगून पाहिलं, पण असली फाईल धोक्याची समजून मेल तिला जाऊच देईना, आणि लिंकवर चढवणं शुक्लाजींना जमेना. "बरं झालं," ताई म्हणाल्या, "जाऊनच येऊ." सकाळी चारबाग स्टेशनवर भेटलो. त्यांच्या पिशवीत दोन पेनड्राइव्ह होते, एक माझ्या हलगर्जीपणासाठी. तसं त्यांनी तोंडावरच सांगितलं, आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की फलाटावर मी त्यांच्या पाया पडले. "अगं, ऊठ! हमाल बघून राहिला."

शुक्लाजी पन्नाशीचे, कृश, मान थोडी पुढे काढून बसणारे गृहस्थ. गर्दी होती म्हणून आम्ही आत स्टुलावर बसून राहिलो. एक खेडवळ म्हातारी खिडकीशी आली. शुक्लाजींनी नाव विचारलं, गाव विचारलं. मग वयाच्या रकान्याशी आले आणि म्हणाले, "अम्मा, बडा बेटा कितने का हुआ?" म्हातारी चटकन म्हणाली, "चौवालीस का." "और ब्याह के कितने बरस बाद हुआ था?" म्हातारी लाजली. "तीन." लग्नाच्या वेळचं वय मात्र तिला सांगता येईना; शुक्लाजींनी मनात काहीतरी मांडलं, वय भरलं आणि पर्चा हातात दिला. ताई स्टुलावर ताठ बसल्या. इतक्या वर्षांत इतक्या खिडक्या पाहिल्या होत्या त्यांनी, पण हे नवं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वय भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे, आणि ताईंच्या पानावर त्याबद्दल एकच वाक्य होतं: 'आयु अनिवार्य है.'

दुपारी रांग संपल्यावर आम्ही फाईल घेतली. दोन्ही पेनड्राइव्हवर. तिथेच माझ्या लॅपटॉपवर ती सोडवून पाहिली. एकेक पान बाहेर पडायला लागलं, एक, दोन, तीन, सगळी, चित्रांसकट. ताईंनी सतरावं पान उघडलं, खाली सरकवलं, एक स्वल्पविराम पाहिला आणि म्हणाल्या, "हो. माझंच."

शुक्लाजी मागे उभे राहून बघत होते. जरा घुटमळले आणि म्हणाले, "दीदी, बुरा न मानें तो... एक पन्ना हमने भी लिखा है." वाया गेलेल्या पर्च्यांच्या पाठीवर, बॉलपेननं, स्वच्छ अक्षरात. खिडकीवर बदली माणूस बसतो त्याच्यासाठी लिहून ठेवलं होतं म्हणे. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. वर लिहिलं होतं, 'उम्र पता न हो तो'. खाली: 'माताजी से उम्र मत पूछिए, घबरा जाती हैं. पूछिए बडा बेटा कितने साल का है. फिर पूछिए ब्याह के कितने साल बाद हुआ. फिर पूछिए ब्याह के समय कितनी बडी थीं, न बता सकें तो अठारह मान लीजिए. जोड आप कीजिए. हँसिए मत.'

ताईंनी ते दुसऱ्यांदा मनात वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला. "शुक्लाजी," त्या म्हणाल्या, "ये आख़िरी वाली लाइन मैं पूरी ज़िंदगी नहीं लिख पाती." शुक्लाजी संकोचून चहा सांगायला बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ते पान टाईप केलं, एका शब्दालाही हात न लावता, आणि छापून सक्सेनाजींच्या टेबलावर ठेवलं.  सक्सेनाजींनी वाचलं.  मग म्हणाले, "पिछले महीने अम्मा को अस्पताल ले गया था. उम्र पूछी तो रोने लगीं. मैंने डाँट दिया." व्हिडिओचा विषय त्या दिवसापासून कुणी काढला नाही. उलट सक्सेनाजींनीच सगळ्या रुग्णालयांना पत्र धाडलं: तुम्ही खिडकीवर जे शिकलात ते लिहून पाठवा. पहिल्या महिन्यात एकोणीस पानं आली. काही पर्च्यांच्या पाठीवर, काही फोनवर काढलेले फोटो, एक तर पोस्टकार्डावर. मुके पेशंट आले तर कसं विचारायचं. एका गावात एकाच नावाच्या सात बायका असल्या तर काय करायचं. ताई एकेक उघडायच्या आणि सगळ्या ऑफिसला ऐकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे वाचनच चालायचं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी नवी आवृत्ती बांधायची होती. आज्ञा मी द्यावी असा त्यांचा हट्ट. ओळी सरकू लागल्या. या वेळी मी चहाला उठले नाही. दोघी शेजारी बसून बघत राहिलो. फाईल तयार झाल्यावर त्यांनी ती उघडून शुक्लाजींचं पान पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुझी." खाली चष्मेवाल्यानं त्यांना वाचायचा नवा चष्मा भेट दिला. तो लावूनच त्या रिक्षात बसल्या आणि वळणापर्यंत हात हलवत राहिल्या.

नंतर तीन आठवड्यांनी मी अडकले. नव्या आवृत्तीत शोधायची सोय चालेना. काहीही शोधा, शून्य पानं. दोन दिवस झटले आणि शेवटी विकास नगरला फोन लावला. त्यांच्या घराचा निवांतपणा फोनमधूनही ऐकू येत होता. मी घडाघडा सांगायला लागले. "ताई, मी पुन्हा बांधून पाहिलं. शब्दसूची काढून पाहिली. दुसऱ्या संगणकावर पाहिलं. प्रकल्पाच्या फाईलमध्ये सगळं जसंच्या तसं आहे, फक्त त्या दिवशी मी नवीन पानं घालताना वरची एक ओळ..." आणि मी थांबले. शोधाची सोय चालू ठेवणारी ती ओळ मीच खोडली होती. समोर स्क्रीनवर मला ती जागा दिसत होती.

"ताई," मी म्हटलं, "सापडलं."

"हाव?" त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. "मी ऐकून राहिली होती न," ताई म्हणाल्या. "चल, ठेवते आता. वरण उतू जाईल."